पावसाळ्यात बागेतल्या गोगलगायी: शोधायच्या कुठे, पकडायच्या कशा, रोखायच्या कशा

संध्याकाळी दोडक्याचं रोप चांगलं चार पानांवर होतं आणि सकाळी नुसता दांडा उरला, असं जून-जुलैमध्ये झालं की बहुतेक जण कृषी सेवा केंद्रात जाऊन कीटकनाशक आणतात. फवारतात, दोन दिवस वाट पाहतात आणि तिसऱ्या दिवशी पुढचं रोप जातं. गोगलगाय हा कीटक नाही, मृदुकाय प्राणी आहे. मावा-अळीसाठीची नेहमीची औषधं तिला फारसं काही करत नाहीत. कडुलिंबाच्या तेलाचंही तेच. उलट त्या फवारणीत गोगलगायींची पिल्लं आणि अंडी खाणारे भुंगेरे मात्र मरतात.

घरच्या बागेत गोगलगायी आटोक्यात आणायच्या तर तीन गोष्टी कराव्या लागतात: त्यांच्या लपायच्या जागा मोडणं, पाणी देण्याची वेळ बदलणं आणि पावसाच्या पहिल्या तीन आठवड्यांत रात्री हाताने वेचणं. सापळे, चुना, विषारी गोळ्या हे सगळं त्यानंतरचं. क्रम उलटा केला की खर्च होतो आणि गोगलगायी तशाच राहतात.

आधी चोर ओळखा

गोगलगाय पान ओरबाडून खाते. पानाच्या मधोमध किंवा कडेला वेड्यावाकड्या आकाराची भोकं पडतात, कोवळं रोप जमिनीलगत कापलं जातं आणि आजूबाजूला वाळलेल्या चिकाची चकाकती रेघ दिसते. ही रेघ सकाळी सातच्या आत, तिरप्या उन्हात पाहा. एकदा पाऊस पडून गेला की पुसली जाते. अळीची विष्ठा कोरड्या गोळ्यांची असते, गोगलगायीची ओलसर आणि वळलेली. नाकतोडा पान कडेकडेने खातो आणि चिकाची रेघ सोडत नाही. उंदीर-घुशी रोप उपटतात किंवा बी उकरून नेतात. तरी शंका राहिली तर अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी टॉर्च घेऊन बागेत जा. पाऊस पडून गेलेल्या रात्री खाणारा जागेवरच सापडतो.

महाराष्ट्र-गोव्यातल्या बागांत साधारण तीन मंडळी भेटतात.

पहिली मोठी शंखी गोगलगाय. तपकिरी, उभ्या पट्ट्यांचा, टोकदार शंख. बागेत दिसणाऱ्या बहुतेक ७ ते १० सेंटीमीटरच्या, क्वचित याहून मोठ्या. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून आणून ती कोलकात्याच्या एका बागेत सोडली आणि तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सोयाबीनची उगवण फस्त करणारी हीच. नासाडीचा मोठा वाटा हिचा असतो.

दुसरी बिनशंखाची. काळपट, चपटी, चामड्यासारख्या पाठीची, बऱ्याचदा पाठीवरून एक फिकट रेघ गेलेली. पावसाळ्यात मोरीच्या जाळीतून न्हाणीघरातही हीच येते. दिवसा मातीच्या भेगांत शिरून बसते, म्हणून रोपं जातात पण कोणी दिसत नाही.

तिसरी छोटी, चपट्या, चकचकीत, पातळ तपकिरी शंखाची. शेपटीच्या टोकाला बारीकसं शिंग असतं. ही आपल्याकडचीच. बीजांकुर आणि ऑर्किडची कोवळी मुळं खाते, पण बराच वेळ सडकी पानं आणि शेवाळ यांवर असते. रोपवाटिका किंवा ऑर्किड असतील तर ही वेचा, एरवी हिच्यामागे फार लागू नका. बागेत दिसणारा प्रत्येक शंख मारायचा असं ठरवलं तर पानं कुजवणारे निरुपद्रवी जीवही जातात. घाटाजवळच्या आणि कोकणातल्या बागांत तर अशा देशी जाती पुष्कळ असतात.

मे महिन्यातलं काम

मोठी गोगलगाय उन्हाळ्यात शंखाच्या तोंडावर पांढरट पडदा धरून झोपते. या अवस्थेत ती महिनोन् महिने उपाशी राहू शकते. मातीत, दगडांच्या फटीत, कुंपणाच्या भिंतीच्या सावलीच्या अंगाला, नारळाच्या झावळ्यांच्या ढिगाखाली, जुन्या विटांच्या चळतीत, पाण्याच्या टाकीखाली त्या गटाने सापडतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ यासाठी ठेवा. या वेळी काढलेली एक गोगलगाय म्हणजे जुलैतली शेकडो अंडी कमी. हा हिशेब अतिशयोक्त नाही. ही जात एका वेळी शंभर ते चारशे अंडी घालते, वर्षातून अनेकदा घालते, आणि प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही अंगं असल्याने वयात आलेली कुठलीही अंडी घालू शकते.

करायचं ते असं. फुटक्या कुंड्या, फरशीचे तुकडे, विटा, लाकडं एकेक उचलून पाहा. जे लागणार नाही ते बागेबाहेर काढा. जे ठेवायचं ते जमिनीपासून वीतभर वर, उन्हात ठेवा. कुंड्या थेट मातीवर किंवा फरशीवर टेकलेल्या असतील तर तिवईवर किंवा विटेच्या दोन तुकड्यांवर चढवा म्हणजे खालून हवा खेळेल आणि तळ पाहता येईल. कुंपणाच्या कडेचं गवत दीड-दोन फुटांच्या पट्ट्यात जमिनीलगत कापा. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवा. वाफ्यांची वरची पाच-सात सेंटीमीटर माती कुदळीने हलवून चार दिवस कडक उन्हात तापू द्या. त्यात अंडी असलीच तर वाळून जातात.

आच्छादनाचा प्रश्न अवघड आहे. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन उन्हाळ्यात जमिनीला चांगलं, पण पावसाळ्यात तेच गोगलगायींचं घर होतं. मधला मार्ग असा: मृग लागताना आच्छादन दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत पातळ करायचं आणि रोपाच्या बुंध्यापासून चारी बाजूंनी १५ ते २० सेंटीमीटर मोकळं ठेवायचं. रोपं गुडघ्याएवढी झाली की पुन्हा घालायला हरकत नाही. कंपोस्टचा खड्डा किंवा डबा भाजीच्या वाफ्याला चिकटून असेल तर तो लांब हलवा, किमान तिथली दर आठवड्याची पाहणी चुकवू नका.

पाणी सकाळी

संध्याकाळी पाणी घातलं की रात्रभर जमीन ओली राहते आणि गोगलगायीला सरकायला वाट तयार मिळते. तिच्या चालण्यातच चिकाच्या रूपाने पाणी खर्च होतं, म्हणून कोरड्या पृष्ठभागावर ती लांब जात नाही. पाऊस नसलेल्या दिवसांत पाणी सकाळी आठच्या आत आणि थेट बुंध्याशी द्या. ठिबक असेल तर उत्तमच. पाऊस लागून राहिला असेल तेव्हा याचा उपयोग नाही हे खरं, पण जुलै-ऑगस्टमधली उघडीप आणि सप्टेंबरनंतरचे दिवस यात एवढ्या बदलाने बराच फरक पडतो.

रात्रीची वेचणी

सगळ्यांत जास्त उपयोग याचा आणि सगळ्यांत जास्त कंटाळाही याचाच.

पहिला दमदार पाऊस झाला की झोपलेल्या गोगलगायी दोन-चार रात्रींत बाहेर पडतात. आधी भरपूर खातात, मग जुळतात आणि मग अंडी घालतात. त्यामुळे पहिल्या पावसापासूनचे तीन आठवडे सोन्याचे. या काळात मोठ्या गोगलगायी वेचल्या की पुढची पिढीच जन्माला येत नाही. ऑगस्टमध्ये जागं होणाऱ्याला मोठ्या चाळीस आणि बारीक चारशे वेचाव्या लागतात, त्याही पानांच्या मागून.

साहित्य: चांगला टॉर्च, रबरी हातमोजे, लांब चिमटा, झाकणाची बादली. उघड्या हाताने धरू नका, कारण पुढे येईलच.

वेळ: अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी सुरू करून अर्धा-पाऊण तास. पाऊस थांबल्यावर लगेच जा. मुसळधार पावसात त्या आडोशाला असतात, वारा सुटलेल्या कोरड्या रात्री बाहेरच पडत नाहीत.

कुठे पाहायचं: वाफ्याच्या कडा, कुंडीचा काठ आणि त्याची खालची बाजू, पपई-केळीचे बुंधे, अळूच्या देठांच्या खोबणी, झेंडू-शेवंती-डेलियाची रोपं, भिंतीचा खालचा दोन फूट भाग. भिंतीवर त्या का चढतात हे लक्षात घ्या. शंखासाठी कॅल्शियम लागतं म्हणून त्या चुन्याचा जुना रंग आणि गिलावा रात्री खरवडून खातात. चुन्याने रंगवलेली कुंपणाची भिंत असेल तर वेचणी तिथूनच सुरू करा.

पहिला आठवडा रोज, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, नंतर पाऊस संपेपर्यंत आठवड्यातून एकदा. रोज किती मिळाल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आकडा पहिल्या आठवड्यात वाढतो, मग झपाट्याने उतरतो. उतरला म्हणून थांबलात तर फसाल, कारण आधी घातलेली अंडी एक ते तीन आठवड्यांत फुटतात आणि आकडा पुन्हा चढतो. सलग पंधरा दिवस बोटावर मोजण्याइतक्याच मिळाल्या तर अंतर वाढवायचं.

एक सोय अशी की मोठी गोगलगाय चरून झाल्यावर पुष्कळदा त्याच ठिकाणी परत येऊन बसते. सकाळी चिकाची रेघ माग काढत गेलात तर दिवसाचा अड्डा सापडतो आणि एका दगडाखाली दहा-बारा मिळतात. याच सवयीमुळे पकडलेल्या गोगलगायी कुंपणापलीकडे फेकण्यात अर्थ नाही. काही परत येतील, बाकीच्या शेजाऱ्यांच्या रोपांवर जातील. सोसायटीत किंवा वाडीत चार घरांनी एकाच आठवड्यात वेचणी केली तर एकट्याने महिनाभर केलेल्या कामापेक्षा जास्त फळ मिळतं.

मारायच्या कशा आणि टाकायच्या कुठे

उकळतं पाणी सर्वांत चांगलं. जुन्या पत्र्याच्या बादलीत गोगलगायी घ्या, सगळ्या बुडतील इतकं उकळतं पाणी ओता आणि झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा. प्राणी लगेच मरतो, फार तडफड होत नाही आणि मातीत मीठही जात नाही. प्लास्टिकची पातळ बादली वापरू नका, मऊ पडून उलटते.

मिठाच्या पाण्याचा उपाय सर्वांना माहीत आहे. एक लिटर पाण्याला २०० ग्रॅम खडेमीठ, बादलीवर घट्ट झाकण आणि चार-पाच तास. झाकण नसेल तर मोठ्या गोगलगायी काठावरून चढून निघून जातात. तोंडावर पडदा धरलेल्या झोपाळू गोगलगायीत हे पाणी पटकन शिरत नाही; मे महिन्यात सापडलेल्यांसाठी उकळतं पाणीच बरं. हे मिठाचं पाणी बागेत ओतू नका. कुंडीतल्या किंवा वाफ्यातल्या गोगलगायीवर मीठ शिंपडणं तर सरळ रोपावर मीठ टाकणंच आहे. चार-पाचदा शिंपडलेल्या कुंडीतली माती खारावते, पानांच्या कडा करपतात आणि दोष मग गोगलगायीला दिला जातो.

पायाखाली चिरडू नका. चिकात रोगजंतू असू शकतात आणि पोटात तयार अंडी असतील तर ती तिथेच मातीत पसरतात. मेलेल्या गोगलगायी दीड-दोन फूट खड्ड्यात पुरून वर मूठभर चुना टाका. खड्डा उथळ असेल तर दुसऱ्या दिवशी कुत्रं उकरतं आणि वास सगळ्या आळीत जातो. शहरात पुरायला जागा नसेल तर उकळून मारलेल्या गोगलगायी जाड कागदात गुंडाळून त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात द्या. जिवंत गोगलगायी कचऱ्यात, गटारात किंवा नाल्यात टाकू नका. पसरतात त्या अशाच.

सापळे

सापळा मारत नाही, गोळा करतो. सकाळी उचलून पाहायला गेला नाहीत तर तुम्ही त्यांना फक्त घर बांधून दिलं.

गोणपाटाचा सापळा मोठ्या गोगलगायींसाठी. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवा, त्यात गोणपाटाचे दोन-दोन फुटांचे तुकडे भिजवा, हलके पिळा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वाफ्यांच्या मधे पसरा. दोन तुकड्यांत चार-पाच मीटर अंतर पुरे. खाली पपईची किंवा कोबीची जून पानं ठेवली की ओढ वाढते. सकाळी सातच्या आत उचला, खालच्या गोगलगायी बादलीत झाडा. तेच गोणपाट संध्याकाळी पुन्हा ओलं करून वापरता येतं, गुळाचं पाणी तिसऱ्या दिवशी नव्याने करा. मुंग्या लागतात, त्याला इलाज नाही.

केळीचं खोड मिळत असेल तर फूटभर लांबीचे तुकडे उभे चिरून चिरलेली बाजू खाली करून ठेवा. कलिंगडाची किंवा पपईची साल पालथी ठेवली तरी चालते. बिनशंखाच्या गोगलगायींना हे विशेष आवडतं.

बिअरच्या सापळ्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. त्यांना मद्याची ओढ नसून आंबवणाचा वास ओढतो, त्यामुळे घरचं मिश्रण चालतं: अर्धा लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा कोरडं यीस्ट, दोन मोठे चमचे साखर आणि एक चमचा मैदा, दोन तास झाकून ठेवायचं. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा मातीत असा पुरा की काठ जमिनीच्या एक-दोन सेंटीमीटर वर राहील. काठ जमिनीला सपाट ठेवला तर उपयोगी भुंगेरेही पडून मरतात. डब्यात मिश्रण निम्म्यापर्यंत भरा. पाऊस असेल तर झाकण लावून बाजूला दोन बोटं रुंदीच्या खिडक्या कापा. दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर घाण वास येतो आणि डासही अंडी घालतात. याची ओढ सुमारे मीटरभरच असते आणि मोठी शंखी गोगलगाय यात बुडत नाही, पिऊन निघून जाते. बिनशंखाच्या आणि बारीक गोगलगायी असतील तरच ही खटपट करा.

अंडी

मोठ्या गोगलगायीची अंडी फिकट पिवळसर, चार-पाच मिलीमीटरची, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात. ओलसर भुसभुशीत मातीत दोन ते पाच सेंटीमीटर खोलीवर एका जागी पुंजका असतो. कुंडीच्या काठालगत, कुंडीच्या तळाच्या भोकाजवळ, कंपोस्टच्या कडेला, दगडाखालच्या ओलीत पाहा. बिनशंखाच्या गोगलगायीची अंडी माळेसारखी जोडलेली, मातीने माखलेली असतात म्हणून नजरेतून सुटतात. सापडलेला पुंजका मातीसकट खुरप्याने उचला आणि उकळत्या पाण्यात टाका. उन्हात फरशीवर पसरलं तरी वाळतात, पण पावसाळ्यात उनाचा भरवसा धरू नका.

नव्या बागेत गोगलगाय बहुतेक वेळा अशीच येते: नर्सरीतल्या पिशवीच्या मातीत, ट्रकने आणलेल्या लाल मातीत, न कुजलेल्या शेणखतात, जुन्या विटांबरोबर. पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत गोगलगाय दिसली तर ती भिंत चढून आलेली नसून कुंडीतून आलेली असण्याचीच शक्यता जास्त. नवं रोप आणलं की पिशवी बादलीतल्या पाण्यात मातीच्या वरपर्यंत अर्धा तास बुडवून ठेवा. आतल्या जिवंत गोगलगायी वर येतात. अंडी मात्र पाण्याने मरत नाहीत, म्हणून रोप तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि रात्री टॉर्चने पाहा. सुटी माती किंवा खत आणलं तर चाळून, उन्हात पातळ पसरून मगच वापरा.

अडथळे: काय चालतं, काय नाही

अंड्याची टरफलं चालत नाहीत. धारदार तुकड्यांवरून गोगलगाय चिकाच्या थरावर आरामात सरकते, वर तिला कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत टरफलं, बारीक खडी, पाइनच्या सालीचं आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि तांब्याची पट्टी यांपैकी कशानेही लेट्यूसचं नुकसान लक्षणीय कमी झालं नाही. ऑनलाइन महाग तांब्याची टेप घेण्याआधी हे आठवा. चार बोटांपेक्षा अरुंद पट्टी तर मोठी गोगलगाय सहज ओलांडते, आणि कुंडीत आधीपासून असलेल्यांना बाहेरची पट्टी काय करणार?

राख कोरडी आहे तोवर काम करते. एका सरीत संपते.

चुना चालतो, पण अटी आहेत. ताजी, कोरडी चुन्याची भुकटी हवी, पट्टा किमान १० सेंटीमीटर रुंद हवा आणि तो बांधावर किंवा कुंपणाच्या आतल्या बाजूने ओढायचा, वाफ्यात नाही. पाऊस पडला की पुन्हा टाकावा लागतो. ओला होऊन हवेत मुरलेला जुना चुना त्यांना जाळत नाही, भिंतीच्या गिलाव्यासारखाच तो खाद्य होतो. कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीला थोडा चुना सोसतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत वारंवार टाकला तर पानं पिवळी पडायला लागतात, कारण लोह झाडाला मिळेनासं होतं. भुकटी टाकताना डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला रुमाल बांधा.

पपई, लिंबू, सुपारी अशा झाडांच्या खोडांवर मात्र बोर्डो मलम खरोखर उपयोगी. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून विरघळवा, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवून गार होऊ द्या, गाळा आणि दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत हलवत एकत्र करा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं घेऊ नका. मिश्रणात स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर बुडवून पाहा: त्यावर तांबूस थर आला तर आणखी थोडं चुन्याचं पाणी घाला, नाहीतर खोडाला इजा होते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा. त्याच दिवशी वापरा, उरलेला ठेवू नका. उघडिपीत लावून वाळलेला थर काही आठवडे टिकतो. आधी झाडावर चढून बसलेल्या गोगलगायी उतरवून घ्या. फांद्या भिंतीला किंवा तारेला टेकत असतील तर मलम लावूनही त्या वरून येतील.

बीजांकुरांसाठी सर्वांत साधी गोष्ट म्हणजे उंची. काकडी, दोडका, भोपळा, पालेभाज्यांची रोपं टेबलावर ट्रेमध्ये वाढवा, टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि चार-पाच खरी पानं आल्यावरच जमिनीत लावा. दोन पानांचं रोप एका रात्रीत संपतं. पाच पानांचं रोप दोन पानं गमावूनही उभं राहतं. थेट बी पेरायचंच असेल तर प्रत्येक आळ्यावर तळ कापलेली प्लास्टिकची बाटली कापलेली बाजू खाली करून रोवा, कडा दोन सेंटीमीटर मातीत जाऊ द्या आणि वरचं बूच काढून ठेवा. रोवण्याआधी आत कोणी नाही हे पाहा.

गोळ्या वापरायच्याच असतील तर

मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या स्नेलकिल या नावाने मिळतात. शेतात एकरी दोन किलो असं प्रमाण सांगितलं जातं. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५० ग्रॅम. दहा फूट गुणिले दहा फुटांच्या वाफ्याला पाच ग्रॅम, म्हणजे छोटा चमचाभर. लोक मूठभर टाकतात. त्याने जास्त गोगलगायी मरत नाहीत, धोका तेवढा वाढतो.

हे औषध गोगलगायीच्या चीक तयार करणाऱ्या पेशी बिघडवतं आणि ती सुकून मरते. याचाच अर्थ असा की गोळी खाल्ल्यावर लगेच पाऊस आला तर तिला पाणी मिळतं आणि ती सावरते. दोन-तीन दिवस उघडीप राहील असा अंदाज पाहून, जमीन ओलसर पण आकाश कोरडं असलेल्या संध्याकाळी टाका. सकाळी मरायला टेकलेल्या गोगलगायी उचलून घ्या, तशाच सोडू नका.

गोळ्यांचा वास-चव कुत्र्यांनाही ओढते. कुत्र्याने खाल्ल्या तर काही तासांत थरथर, लाळ, झटके, ताप सुरू होतो आणि यावर उतारा असा नाही. गोळ्यांचं पाकीट घेऊन तातडीने पशुवैद्याकडे पोचावं लागतं. ब्रिटनमध्ये बाहेर वापरण्यावर २०२२ पासून बंदी आहे ती पक्षी आणि वन्यप्राण्यांना होणाऱ्या अशाच धोक्यामुळे. घरात कुत्रं, मांजर, कोंबड्या किंवा रांगतं मूल असेल तर गोळ्या आणूच नका. बाकीच्यांनी तीन इंची पाइपचे फूटभर तुकडे आडवे ठेवून आत मधोमध थोड्या गोळ्या ठेवाव्यात. पाऊसही लागत नाही आणि कोणाचं तोंडही पोचत नाही. पालेभाजीच्या पानांवर किंवा गाभ्यात गोळी पडता कामा नये.

शेतात भाताच्या कोंड्यात गूळ आणि कीटकनाशक कालवून विषारी आमिष करतात. घरच्या बागेत ते करू नका. त्यात वापरली जाणारी औषधं माणसालाही तीव्र विषारी असतात.

भारद्वाज, काजवे आणि हातमोजे

भारद्वाज मोठ्या गोगलगायीही फोडून खातो. बागेला दाट झुडपांचं कुंपण असेल तर तो रोज फेरी मारतो. काजव्यांच्या अळ्या बारीक गोगलगायींवर जगतात, बेडूकही पिल्लं खातात. गोळ्या आणि कीटकनाशकं टाळण्याचं हेही एक कारण. बदकं पाळता आली तर पिल्लं वेचण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, फक्त त्यांना कोवळ्या वाफ्यापासून दूर ठेवा. गोगलगाय खाणारी परदेशी जात आणून सोडण्याचा प्रयोग हवाईत आणि पॅसिफिकच्या बेटांवर झाला होता. त्या शिकारी गोगलगायीने तिथल्या देशी गोगलगायींच्या कित्येक जाती संपवल्या. तसलं काही कोणी विकायला आणलं तर घेऊ नका.

हातमोज्यांचा आग्रह यासाठी की गोगलगायीत उंदरांच्या फुफ्फुसातल्या एका कृमीची अळी असू शकते. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. धोका मुख्यतः कच्ची किंवा अर्धकच्ची गोगलगाय पोटात जाण्यातून आहे, आणि कोशिंबिरीच्या पानांत दडलेली पिटुकली गोगलगाय नकळत जाणं ही त्यातली आपल्याकडची सर्वांत सहज वाट. म्हणून पावसाळ्यात बागेतली कोथिंबीर, पालक, लेट्यूस, कोबी कापल्यावर गड्डी किंवा जुडी तशीच बुडवून ठेवू नका. पानं सुटी करा, दोन्ही बाजूंनी वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून धुवा, खाल्लेली आणि चिकट पानं टाकून द्या. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने गोगलगाय सुटून पडते, अळी मरेलच असं नाही. शिजवल्यावर मरते. मुलांना शंखांशी खेळायला देऊ नका, रिकामा वाटणारा शंखही आधी उकळून घ्या.

गणपतीनंतर पाऊस ओसरला की बागेत बारीक, नखाएवढ्या गोगलगायी दिसायला लागतात. ती त्याच वर्षीची पिढी. ऑक्टोबरच्या उन्हात त्या आडोसा शोधतात, तेव्हा पालथ्या साली आणि ओली गोणपाटं पुन्हा आठवडाभर लावा. जमीन वाळल्यावर त्या मातीत शिरून पडदा धरतात आणि मग मे महिन्यापर्यंत खुरप्याशिवाय सापडत नाहीत.